बांगडीत बसणारे तीन बार

बंदूकवाल्याच्या घरात काडतुसं मोजकी आणि गोष्टी अमाप! काडतुसं लायसन्सवर मोजून मिळतात, गोष्टींना कुठे लायसन्स लागतं? एक बार उडाला की त्याच्या चार गोष्टी होतात. ज्याने उडवला त्याची एक, ज्याने बघितला त्याची दुसरी, ज्याने नुसता आवाज ऐकला त्याची तिसरी आणि चौथी माकडांची. त्यातली माकडांची तेवढी खरी!

आमचं गाव कट्टा ह्या बाजाराच्या गावापासून आत, पाचेक किलोमीटरवर. नारळ, केळी, काजू, थोडं भात. माणसं कमी आणि माकडं, वानर, डुक्कर जास्त. म्हणून गावात शेती राखायच्या बंदुकांची सहा-सात लायसन्स. त्यातलं एक आता माझ्या नावावर आहे. कट्ट्याच्या बाजारात मला पाहिलं की पोरं म्हणतात, "बंदूकवाली काकी इली रे!" म्हणू देत. निदान तोंडावर म्हणतात.

ह्या बंदूकवाल्यांचा दरवर्षीचा एक रिवाज आहे. खंडेनवमीला बंदुकांची पूजा, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची पारख. गावाबाहेर चिऱ्याची जुनी, बंद पडलेली खाण आहे. तिन्ही बाजूंना दोन पुरुष उंचीच्या भिंती, त्यामुळे गोळी कुठे जायची भीती नाही. एका भिंतीला पोफळीची विरी टांगायची, म्हणजे सुपारीच्या झावळीचा तो रुंद देठ. आतून पांढराशुभ्र असतो. त्यावर कोळशाचा ठिपका. पंचवीस पावलांवर कोंड्याची गोणी, तिच्यावर बंदूक टेकवायची आणि तीन बार काढायचे.

पास की नापास ते अब्बासभाई ठरवणार. कट्ट्याला त्यांचं दुकान. शिलाई मशीन, पाण्याचे पंप आणि बंदुका, तिन्ही दुरुस्त करतात. वडिलांचाच धंदा. माझे यजमान वसंत (मी त्यांना 'हे'च म्हणणार, सवय जात नाही) आणि अब्बासभाई एका बाकावरचे. चौथीत दोघे मिळून नापास झाले होते, एवढी दोस्ती!

*

पारखेचं माप कसं ठरलं, ते आधी सांगते.

माझं लग्न होऊन सहा महिने झाले होते. मी चहाची किटली घेऊन खाणीत गेले, तर तिथे जोराचं भांडण. प्रत्येक जण म्हणतोय, माझे तीन बार जास्त जवळ पडले. कोणी बोटं लावतोय, कोणी काडीने मोजतोय. दत्ताराम तर स्वतःची वीत लावत होता, आणि दत्तारामची वीत म्हणजे गावातली सर्वांत मोठी!

अब्बासभाई भिंतीपाशी उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "वैनी, एक काकण दिवशात?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे हसत म्हणाले, "दी गो. एका काकणान काय मी मरणंय नाय!"

मी लग्नाच्या चुड्यातली एक हिरवी बांगडी उतरवून दिली. अब्बासभाईंनी ती विरीवर ठेवली, भोकांभोवती फिरवली आणि सांगितलं, "तिनय भोकां ह्याच्यात बसली तर पास. एक जरी भायर गेला तर नापास. आता कोणी वीत लावूची नाय."

भांडण मिटलं ते मिटलंच. ती बांगडी अब्बासभाईंनी कापसात गुंडाळून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली. दरवर्षी दसऱ्याला तेवढी बाहेर काढायची. त्या वर्षी पहिली पास झालेली बंदूक ह्यांची. तीन भोकं अशी चिकटून, की बांगडीत चौथं आणि पाचवंही मावलं असतं!

*

आता त्या विताड्या दत्तारामची गोष्ट.

एका वर्षी त्याचे तीन बार अगदी एकाला एक लागून पडले, पण ठिपक्यापासून चांगले हातभर डावीकडे! दत्ताराम कपाळाला हात लावून बसला. "आवशीक खाव तिच्या! डुकराक मारूक गेलंय तर सासऱ्याक लागात!"

अब्बासभाईंनी बांगडी ठेवली. तिन्ही आत. "पास."

"पास? अरे, ठिपको खंय आणि गोळी खंय!"

"दत्तू, एकाच जागी चुकणारी बंदूक खोटी नसता. तिका फक्त सरकवची लागता. धा ठिकाणी चुकता ती खोटी."

नळीच्या टोकावर नेम धरायला एक मणी असतो, त्याला माशी म्हणतात. अब्बासभाईंना सवड मिळाली ती पुढच्या वर्षी, तेव्हा त्यांनी दुकानात नेऊन ती माशी केसभर सरकवली. बंदूक सरळ झाली. पण दत्ताराम कुठे सरळ झाला? त्याला वर्षभर हातभर उजवीकडे नेम धरायची सवय! पुढच्याच आठवड्यात फणसावर वानर बसलेले. त्यांना घाबरवायला त्याने फणसाच्या सुक्या फांदीवर नेम धरला, म्हणजे सवयीने हातभर उजवीकडे. उजवीकडे त्याच्याच घराची नवीकोरी पाण्याची टाकी!

दत्तारामची बायको तीन दिवस विहिरीवरून पाणी ओढत होती आणि प्रत्येक कळशीगणिक त्याचा उद्धार करत होती. दत्ताराम अब्बासभाईंना म्हणाला, "तू बंदूक कशाक दुरुस्त केलंस? माका इचारूक नको होता?"

अब्बासभाई म्हणाले, "चुकलाच माजा. आधी तुका दुरुस्त करूक होया होतो."

*

हसलात ना? मग आता भिकूअण्णांचं ऐका. हे हसण्यासारखं नाही.

भिकूअण्णा आमच्यातले सर्वांत वयस्कर. ठासणीची जुनी बंदूक, आजोबांची. एका वर्षी त्यांचे तीन बार तीन दिशांना गेले. एक तर विरीलाच लागला नाही. अब्बासभाई तेव्हा तरुण होते, मनात येईल ते तोंडावर बोलत. त्यांनी ती बंदूक घेतली, स्वतः गोणीवर टेकवून तीन बार काढले. तिन्ही बांगडीत.

आणि सर्वांच्या देखत म्हणाले, "अण्णा, बंदूक बरी आसा. माणूस बरो नाय ऱ्हवलो. डोळे दाखवा."

खोटं काही नव्हतं. मोतीबिंदू पिकला होता. लायसन्स रिन्यू करायला डॉक्टरचा दाखला लागतो. डॉक्टरने लिहिलं, दिसत नाही. बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. अण्णांना ऑपरेशन करा म्हणून सगळ्यांनी सांगितलं. ते म्हणाले, "आता बघूचा काय आसा?"

त्यानंतर अण्णा घरापुढच्या खळ्यात खुर्ची टाकून बसायचे, मांडीवर आडवी काठी घेऊन. बंदूक धरतात तशी. माकडं समोरून पपई घेऊन जायची. अण्णा नुसते आवाजाच्या दिशेला मान फिरवायचे. पुढचा दसरा त्यांनी पाहिला नाही.

तिरडी उचलली तेव्हा अब्बासभाई सर्वांत मागे चालत होते. ह्यांना म्हणाले, "वसंता, ता वाक्य माका पोटात ठेवूक होया होता."

हे म्हणाले, "तू खराच बोललंस मां?"

"खराच बोललंय," अब्बासभाई म्हणाले, "म्हणानच."

*

माकडाला मारायची परवानगी नाही, हे तुम्हाला ठाऊक असेल. फक्त पळवायचं. मग एवढी पारख कशाला, असं एकदा वनखात्याच्या नव्या गार्डने आमच्या ह्यांना विचारलं. तरुण होता, घाटावरचा. वहीबिही घेऊन आला होता. "काका, माकडाला गोळी लागली तर केस होईल हां!"

हे त्याला बागेत घेऊन गेले. नारळावर एक दांडगा हुप्प्या बसलेला, शेजारी आंब्याची वाळकी फांदी. ह्यांनी उभ्याउभ्याच बंदूक खांद्याला लावली. बार झाला. हुप्प्याच्या डोक्यावर दीड हात उंच असलेली फांदी काडकन मोडली आणि त्याच्या पाठीवर पडली. तो जो गेला तो थेट शेजारच्या वाडीत!

गार्ड म्हणाला, "चुकला की काका!"

हे म्हणाले, "चुकाक नाय, साहेब. चुकवलंय."

त्या गार्डने बदली होईपर्यंत आमच्याकडे केस-बिस शब्द काढला नाही. हे मात्र त्या दिवसापासून गावात सांगत सुटले, "मारूक कोणाकय जमता. चुकवूक बंदूक पास होयी आणि हातय पास होयो!" हाताचा भारी अभिमान होता ह्यांना. आंबोळी उलटतानासुद्धा म्हणायचे, "हात बघ, हात!"

*

नणंदेचा मुलगा प्रसाद अमेरिकेत असतो. दोनेक वर्षांतून एकदा येतो आणि आम्हाला सुधारून जातो.

त्या खेपेला तो मे महिन्यात आला. ओटीवर हे, अब्बासभाई आणि दत्ताराम बसलेले. प्रसादने फोन काढला. "मामा, तिकडे शेतात बिळं करणारे घुशीसारखे प्राणी असतात, त्यांना मारायला सेमी-ऑटोमॅटिक रायफल वापरतात. घोडा ओढला की गोळी, परत ओढला की परत गोळी. मध्ये भरायची गरज नाही, ती आपोआप भरली जाते! मी मित्राची चालवली. हे बघा माझं टार्गेट."

कागदाचा फोटो होता. पाच भोकं. चार एकत्र, एक बाजूला.

अब्बासभाईंनी चष्मा वर केला, फोन डोळ्यांजवळ धरला. "ह्यो बाजूचो बार, तो पयलो मां?"

प्रसाद उडालाच. "चाचा! तुम्हाला कसं कळलं?"

"पयली गोळी तू हातान वडून भरलंस. फुडचे चार मशीनीन भरल्यान. तुजो हात आणि मशीनीचो हात सारखे कशे बसतले?"

"अहो, तिकडे लोक ह्याच्यावर इंटरनेटवर तासन्‌तास भांडतात! मग ही रायफल पास की नापास?"

"कागदार पास. बागेत नापास."

"का?"

"जनावर पयल्या बाराकच पळता, बाबू. तुजे बाकीचे चार बरे पडले, ते कोणाक दाखयतलंस?"

हे एवढे हसले, एवढे हसले, की हातातला चहा शर्टावर सांडला. मी ओरडले, "लहान पोर काय तुम्ही? हल्ली रोजचंच झालंय!" दत्तारामही खिंकाळत होता. अब्बासभाई तेवढे हसत नव्हते. स्वतःच्याच विनोदावर कोण हसतं, असं मला तेव्हा वाटलं.

*

त्याच वर्षीच्या दसऱ्याला ह्यांची बंदूक नापास झाली!

पहिला बार ठिपक्याजवळ. दुसरा वीतभर खाली. तिसरा विरी सोडून चिऱ्यावर, लाल माती उडाली. ह्यांची बंदूक कधी नापास झालेली नव्हती. हे गोणीजवळच बसून राहिले, डावा हात मांडीखाली दाबून.

दत्ताराम पुढे झाला, "दी हंय, मी मारून बघतंय."

अब्बासभाईंनी त्याच्या आधी बंदूक उचलली. नळी उजेडाकडे धरून आत बघितलं. बराच वेळ बघितलं. "हात लावू नको, दत्तू. नळी वाकली हा."

"कशी वाकतली?" हे म्हणाले. "मी काय तिना नारळ पाडलंय?"

"वाकली म्हणजे वाकली. वाकड्या नळयेन बार काढूचो नाय, फुटात. माज्याकडे ऱ्हवांदे. करून दितंय."

दत्ताराम म्हणाला, "मगे वसंता, माजी घी. माज्या बंदुकीन मार तीन बार."

"दुसऱ्याच्या बंदुकीन पारख होणा नाय," अब्बासभाई म्हणाले. असा नियम आम्ही कोणी कधी ऐकला नव्हता. पण माप त्यांचं, डबा त्यांचा.

हे घरी येताना मला म्हणाले, "बघलंस? नळी वाकली होती. तरी म्हटलंय!" त्या दिवशी हे दोन भाकऱ्या जास्त जेवले.

*

मग बंदूक कट्ट्यालाच. पावसाळाभर कट्ट्याला! पुढच्या दसऱ्याला आली, पुन्हा नापास. अब्बासभाई म्हणाले, "नळी बसली, पण आता लाकडाचो दस्तो सैल झालो." पुन्हा दुकानात. तिसऱ्या वर्षी, "घोडो जड झालो." पुन्हा दुकानात. इकडे माकडांनी केळीची बाग बोडकी केली. घरावरची कौलं उलथवली. आणि हे अब्बासभाईंना एका शब्दाने बोलत नव्हते. "करता तो. नाजूक काम आसा," एवढंच.

चैत्रात एके दिवशी माझं डोकं फिरलं. एस.टी. पकडून कट्ट्याला गेले. दुकानात गिऱ्हाईकं होती. शिलाई मशीन घेऊन आलेल्या दोन बायका, पंपवाला एक. मी उंबऱ्यातूनच सुरू झाले.

"अब्बासभाई, तीन वर्षं झाली! येत नसेल तर येत नाही म्हणून सांगा. आम्ही कोल्हापूरला नेऊ. वडिलांच्या हाताखाली एवढी वर्षं काय शिकलात तुम्ही? की डोळे गेले तुमचे? भिकूअण्णांना सांगितलंत तसं तुम्हीच दाखवा डोळे!"

हो, असं म्हणाले मी. चारचौघांत. भिकूअण्णांचं नाव घेऊन.

अब्बासभाई मशीनला तेल घालत होते. तेलाची नळी खाली ठेवली. हात फडक्याला पुसले. मला वाटलं, आता हा माणूस मला दुकानातून घालवणार. ते म्हणाले, "वैनी, उन्हातसून इलात. बसा. पाणी घेवा."

मी पाणीही न पिता निघाले. ते बोलणं आठवलं की आजही मला माझी लाज वाटते.

*

मध्ये एक निवडणूक आली. निवडणूक आली की सगळ्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या. माकडांना कोण कळवतं देव जाणे! आचारसंहिता लागली की ती बागेत सभा घेतात. दत्ताराम तर म्हणायचा, "ह्यांचाच राज्य येतला. बिनविरोध!"

ह्यांनी अब्बासभाईंच्या दुकानातून बंदूक घेतली आणि ठाण्यात गेले. मी सोबत होते. हवालदार ओळखीचा, भला माणूस. त्याने रजिस्टर पुढे केलं. ह्यांनी सही केली. हवालदाराने ती सही लायसन्सवरच्या सहीशी लावून बघितली.

"वसंतराव, ही जुळत नाही हो. परत करा जरा."

ह्यांनी परत केली. अक्षरं बारीक, एकमेकांवर चढलेली. तिसऱ्यांदा केली. हे चिडले. "पेन बरा नाय तुमचा!"

हवालदाराने दुसरं पेन दिलं. तेही बरं निघालं नाही. मग त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "राहू दे. मी ओळखतो ना तुम्हाला."

बाहेर आल्यावर मी ह्यांना म्हटलं, "सरकारी पेनं ती. असलीच असणार." हेही म्हणाले, "नाय तर काय!" आणि डावा हात खिशात घालून एस.टी.च्या फाट्यापर्यंत चालत राहिले.

*

शेवटी गोव्याच्या मोठ्या इस्पितळात नेलं, तेव्हा शर्टाची बटणंही मी लावत होते. डॉक्टरीणबाईंनी चालायला लावलं, बोटं चिमटीत धरायला लावली, कागदावर गोल काढायला लावले. मग रोगाचं नाव सांगितलं. कंपवात. बरा होत नाही, सांभाळायचा.

मला विचारलं, "हे कधीपासून?"

"सहा महिने झाले असतील," मी म्हटलं.

"एवढं सहा महिन्यांत होत नाही. तीन-चार वर्षं तरी असणार. तुमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आलं नाही?"

मी म्हटलं, "नाही हो डॉक्टर. कोणाच्याच नाही."

लायसन्स रिन्यू व्हायचंच नव्हतं आता. निवडणुकीला जमा केलेली बंदूक ठाण्यातच राहिली. पण एक सांगते, ह्यांनी त्याचं दुःख केलं नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, "माका काय झाला नसता रे. बंदूक बिघडली ती बिघडलीच. अब्बासानसुद्धा हात टेकल्यान!" अब्बासभाई दर शुक्रवारी नमाज झाला की येऊन बसायचे. मला "वैनी" म्हणून हाक मारायचे, मी तोंडदेखलं बोलायचे. ह्यांना चमच्याने पेज भरवायचे ते. आणि हे पेज गिळता गिळता सर्वांसमोर त्यांना शिव्या घालायचे, "खोटो कारागीर! शिलाई मशीनीच कर तू!"

"व्हय रे," अब्बासभाई म्हणायचे. "नाय जमला माका."

दोन वर्षांनी हे गेले. भावकीतल्या बायकांनी रिवाजाप्रमाणे माझ्या बांगड्या उतरवल्या. जुन्या चुड्यातल्या दोन मी सांभाळून घातल्या होत्या, त्याही गेल्या. मी रडत नव्हते. माझ्या डोक्यात एकच येत होतं, की ह्यांची बंदूक नापासच राहिली.

*

वारसाने लायसन्स माझ्या नावावर व्हायला आणखी दीड वर्ष गेलं. कागदांमागून कागद! लायसन्सवर आधीपासून ह्यांच्या खाली माझं नाव लावलेलं होतं म्हणून झालं तरी. बंदूक चालवायला ह्यांनीच लग्नानंतर शिकवलं होतं मला. केळीच्या बागेत बार काढायचे मी, पण पारखेला कधी बसले नव्हते. बसू नको असं कोणी म्हणालं नव्हतं. मलाच ते सुचलं नव्हतं.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात ठाण्यातून बंदूक आणली. एवढी वर्षं ती लोखंडी कपाटात कुलपात होती, ह्यांच्या नावाची चिठ्ठी बांधून. कोणी हात लावला नव्हता. मी नळी पुसली, तेल दिलं, खंडेनवमीला फूल वाहिलं. बाकी काही केलं नाही.

सकाळी खाणीत गेले. आता सहा-सातांतले तिघेच उरलेत. एकाचे मुलगे मुंबईला, तो तिकडेच गेला. बाकीच्यांनी माकडांपुढे हात जोडले, लायसन्स परत केली. अब्बासभाई आले होते, दत्ताराम आला होता, आणखी एक जण. विरी टांगली होती. पत्र्याचा डबा दगडावर ठेवलेला.

दत्ताराम मला बघून म्हणाला, "वैनी, ती बंदूक? ती वाकडी मां?"

"माहीत आहे," मी म्हटलं. "तरी मारणार. ह्यांची आहे."

अब्बासभाईंनी ह्या वेळी नळी उजेडाकडे धरून बघितलीसुद्धा नाही. फक्त गोणी झटकून सारखी केली आणि बाजूला झाले.

मी पालथी पडले. नऊवारीवर ह्यांचा जुना शर्ट घातला होता, त्याची बाही वर सारली. गाल दस्त्याला लावला. एक बार. भरली. दुसरा. भरली. तिसरा. खांदा चांगला शेकला!

अब्बासभाई विरीकडे गेले. डबा उघडला, कापूस बाजूला केला, हिरवी बांगडी काढली. माझ्या चुड्यातली तेवढी एकच उरलेली. ती त्यांनी विरीवर ठेवली. फिरवावी लागलीच नाही.

तीन भोकं. तिन्ही आत. चौथं आणि पाचवंही मावलं असतं.

दत्ताराम जवळ जाऊन वाकून बघत होता. ताठ झाला. "अब्बास, मेल्या! मगे ती तीन वरसां तू..." आणि तिथेच थांबला. दत्ताराम आयुष्यात पहिल्यांदा अर्ध्या वाक्यावर थांबला. त्याने टोपी काढली आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मला ओटीवरचा तो सांडलेला चहा दिसत होता. कट्ट्याच्या दुकानातलं ते न प्यायलेलं पाणी दिसत होतं.

अब्बासभाईंनी शर्टाच्या टोकाने बांगडी पुसली. ती डब्यात ठेवायला गेले, मग ठेवली नाही, माझ्या हातात दिली.

मी विचारलं, "अब्बासभाई, नळी वाकडी होती ना हो?"

ते माझ्याकडे बघत नव्हते. विरीवरच्या त्या तीन भोकांकडे बघत होते.

"होती, वैनी," ते म्हणाले. "बरीच वाकडी होती."